छातीतला भाडेकरू

त्या घरात राहायला आल्यावर पहिल्याच सकाळी मी तीनदा दार उघडलं. टक टक. थोडा वेळ शांत. मग पुन्हा टक. दूधवाला असेल म्हणून पातेलं घेऊन गेले, तर बाहेर चिटपाखरू नाही. तिसऱ्यांदा दार लावून तिथेच उभी राहिले आणि कान दिला, तेव्हा कळलं की आवाज दारातून येतच नव्हता. तो आमच्या पलंगामागच्या प्लायच्या भिंतीतून येत होता. भिंतीपलीकडे आमचे घरमालक राहायचे, एकटे. मी नवऱ्याला हलवलं. "अहो, काका काय ठोकतायत बघा जरा." हे कूस बदलून म्हणाले, "खिळा ठोकत असतील." पण खिळा ठोकणारा माणूस मध्येच थांबून उत्तराची वाट बघत नाही.

विठ्ठलवाडी डेपोच्या मागे, दुसऱ्या मजल्यावरचा तो फ्लॅट. काकांनी मधोमध प्लाय मारून त्याचे दोन भाग केले होते, रस्त्याकडचा आमचा आणि नाल्याकडचा त्यांचा. प्लाय छताला पोचत नव्हता. वर वीतभर फट होती. त्या फटीतून त्यांच्या उदबत्तीचा वास आमच्याकडे यायचा आणि आमच्या बोंबलांचा त्यांच्याकडे जायचा. त्याबद्दल दोघांचीही तक्रार नव्हती.

त्यांचं नाव सांगत नाही. बिल्डिंगमध्येही ते कोणी घेत नसे, सगळे ठोकेकाका म्हणायचे. कारण हा माणूस दिसेल ती वस्तू ठोकून बघायचा. डाव्या हाताचं मधलं बोट आडवं ठेवायचं आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाने त्यावर टकटक करायचं. गॅसचा सिलिंडर, पाण्याची टाकी, कोणाच्या घरी नवीन आलेलं कपाट, काही सुटायचं नाही. एकदा सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्यांनी सेक्रेटरींच्या पाठीवर ठोकलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "उजवीकडे खाली भरलंय." सेक्रेटरी भडकले, "ओ काका, हात लावायचा नाय हां!" पंधरा दिवसांनी त्यांच्या छातीतून पाणी काढावं लागलं. तेव्हापासून मीटिंगला काकांच्या शेजारची खुर्ची रिकामी राहायची.

जन्मभर त्यांनी मुंबईतल्या एका सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढले होते, तेही फक्त छातीचे. निवृत्त होताना लोक भिंतीवरचं घड्याळ नाहीतर शाल घेऊन येतात. हे तिथून टाकून द्यायच्या जुन्या फिल्मा घेऊन आले आणि पडद्यांच्या जागी त्यांनी त्या खिडक्यांना लावल्या. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले ती दुपारी दोन वाजता, वाटीभर साखर मागायला. दार उघडलं आणि माझा पाय उंबऱ्यावरच थांबला. लख्ख उजेड होता, त्यात भीती वाटावी असं काही नव्हतं, पण सगळ्या फरशीवर बरगड्या पसरल्या होत्या. कोणा कोणाच्या, कोण जाणे. ऊन सरकेल तशा त्या सावल्याही हळूहळू सरकत होत्या. "ये ना आत," काका म्हणाले, "ते काही करत नाहीत."

मी पाय उचलून उचलून गेले. माझी सई, तेव्हा चार वर्षांची, मागून आली आणि सरळ एका बरगडीवरून दुसऱ्या बरगडीवर लंगडी घालत सुटली. त्या दिवसापासून ती त्यांची झाली.

जवळच्या कॅम्प दोन वस्तीतून एक सिंधी भंगारवाला महिन्या-दोन महिन्यांनी यायचा. जुन्या फिल्मांमधून चांदी काढायचे कारखाने आहेत तिकडे. तो दारात उभा राहून गळ घालायचा, "साईं, दे दो ना. इसमें चांदी है, खिडकी में सड़ा रहे हो." काका म्हणायचे, "यात माणसं आहेत. आधी ती काढून ने, मग चांदी काढ." भंगारवाला माझ्याकडे बघून कपाळाला बोट लावायचा आणि जिना उतरायचा. मीसुद्धा तेव्हा हसायचे.

साखरेच्या त्या दुपारीच त्यांनी मला सांगितलं होतं, "माझ्याकडे दोन भाडेकरू आहेत. एक तुम्ही, प्लायच्या पलीकडे. दुसरा इथे." आणि त्यांनी उजव्या छातीवर, गळ्याजवळच्या हाडाच्या खाली, दोन ठोके मारले. टक टक. थांबले. मान तिरकी केली. मग समाधानाने म्हणाले, "आहे." सकाळच्या आवाजाचा उलगडा मला तेव्हा झाला. पहाटे बुद्धवंदना म्हणून झाली की ते प्लायला पाठ टेकून बसायचे आणि छाती ठोकायचे. तो ठोका त्यांच्या हाडांतून प्लायमध्ये उतरायचा आणि माझ्या उशाशी यायचा.

"टीबीचा जंतू आहे," त्यांनी सांगितलं. "लहानपणी आला. पन्नासच्या वर वर्षं झाली."

मी वाटी घट्ट धरली. हे बघून ते हसले. "घाबरू नकोस. तो कोंडलेला आहे. कोंडलेला जंतू कुणाला लागत नाही. तुझ्या ऑफिसात निम्म्या लोकांच्या छातीत असेल, त्यांना पत्ता नाही. मला आहे, एवढाच फरक."

मग फुरसतीने त्यांनी सगळं समजावलं. समजावायला बसले की त्यांचा आवाज खाली जायचा, जणू ज्यांच्याबद्दल बोलतोय ते ऐकत असावेत. शरीरात पांढऱ्या पेशी असतात, त्यांना ते 'आतली मंडळी' म्हणत. बाहेरून कोणी शिरलं की मंडळी त्याला गिळतात आणि पचवतात. पण टीबीचा जंतू चिवट. तो गिळणाऱ्याच्या पोटातही जिवंत राहतो. मग आतली मंडळी काय करतात? त्याला घेरून, एकमेकांना चिकटून बसतात. त्यांच्या मागे दुसरी रांग बसते, तिच्यामागे तिसरी. त्यांची भिंत होते आणि वर चुना धरतो. आत तो जिवंतच असतो, फक्त निजलेला. बाहेर पहारा. "हे एक दिवस नाही, दोन दिवस नाही. मी जेवतोय, झोपतोय, एक्स-रे काढतोय, आणि ते तिथे बसलेत. एक मेला की त्याच्या जागी दुसरा येऊन बसतो. पन्नास वर्षं जागा रिकामी नाही."

मला वाटलं होतं, रोगप्रतिकार म्हणजे रोग आला, मारला, संपलं. माझ्या स्वतःच्या अंगात असे कोणी कोणाला कोंडून बसले असतील हा विचार घेऊन मी घरी आले, आणि साखर आणायला नेलेली वाटी रिकामीच परत आणली.

त्यांची म्हणून काही वाक्यं होती. सईला ताप आला आणि मी गोळी शोधू लागले, की फटीतून आवाज यायचा, "लगेच विझवू नको गं. आतल्यांनी चूल पेटवलीय, जरा शिजू दे." तिच्या गुडघ्याला जखम होऊन पू झाला तेव्हा मी 'शी, घाण' म्हणाले, तर रागावले. "घाण नाही म्हणायचं. ते तिच्यासाठी मेलेत." आणि कापसाने पुसण्याआधी त्यांनी सईला त्या पुवाला चक्क हात जोडायला लावले. पोरगी पुढे कितीतरी दिवस प्रत्येक फोडाला, प्रत्येक पुटकुळीला नमस्कार करायची. सासूबाई आल्या तेव्हा त्यांनी विचारलं, हे कुठल्या देवाचं?

मी अंबरनाथला एका केमिकल कंपनीच्या स्टोअरमध्ये होते. हे मुंबईला. सईची बालवाडी साडेबाराला सुटायची आणि मी घरी यायचे चारला. मधले साडेतीन तास काका. याला मी शेजारधर्म म्हणायचे. खरं सांगायचं तर तो माझा स्वार्थ होता, आणि पुढचं सगळं त्या स्वार्थातून झालं, म्हणून आधीच कबूल करते.

मग चिकनगुनियाची साथ आली. आमच्या गल्लीत घरटी एक जण वाकून चालू लागला. काकांना ताप आला तो चार दिवसांत गेला, पण हत्ती गेला आणि शेपूट राहिलं. सांधे धरले. कपाचा कान पकडता येईना. पहाटे ठोका यायचा तोही एकच, कसाबसा. "आतली मंडळी चिडलीत," ते कण्हत म्हणायचे. "चोर पळाला, तरी घरातल्यांनाच मारतायत. कळत नाही त्यांना कधी कधी." सईला सांभाळणं तर दूरच, त्यांनाच कोणीतरी धरून उठवायला लागायचं. मी रजेवर रजा टाकत होते आणि साहेबांनी एक दिवस सरळ विचारलं, "येणारेस का नाय, ते सांगून टाक."

स्टोअरमधली माझी जोडीदारीण म्हणाली, "अगं, कॅम्प दोनला एक डॉक्टर बसतो. पुडी देतो. माझी सासू तिसऱ्या दिवशी भाकऱ्या बडवायला लागली." मी गेले. बाकावर वाकडे झालेले लोक बसले होते आणि सरळ होऊन पुन्हा पुडी न्यायला आलेले उभे होते. कागदाच्या पुडीत चार सुट्या गोळ्या, त्यांच्यावर नाव नाही, गाव नाही. मी कंपाउंडरला विचारलं, यात काय आहे? तो पुड्या बांधता बांधता म्हणाला, "खाने से मतलब रखो, बहनजी."

काकांनीही तेच विचारलं. "यात काय आहे?"

"आयुर्वेदिक आहे," मी म्हणाले.

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या तोंडून पटकन निघालं, कारण मला सोमवारी कामावर जायचं होतं.

चौथ्या दिवशी काका जिना उतरून खाली गेले. आठवड्याभरात सईला कडेवर घेऊन डेपोत बस दाखवायला न्यायला लागले. मी महिनाभराच्या पुड्या आणल्या, मग आणखी महिन्याच्या. त्यांची भूक वाढली. सुरकुत्या भरल्या. हडकुळे गाल गोल झाले, इतके की डोळे बारीक दिसायला लागले. बिल्डिंगमधले म्हणायचे, "काका, म्हातारपणी पालवी फुटली की!" मीही माझी पाठ थोपटून घेत होते. पण कधी कधी संध्याकाळी ते दारात उभे असत आणि त्या गोल, गुळगुळीत चेहऱ्याकडे बघून मला वाटायचं, हे काका नाहीत, काकांच्या आत शिरून कोणीतरी त्यांना फुगवलंय.

ठोकेही बदलले होते. टक टक. आणि मग शांतता. पूर्वीपेक्षा लांब. मग पुन्हा टक टक, जरा जोरात. एक दिवस मी विचारलं, काका, हल्ली इतक्यांदा का ठोकता? ते म्हणाले, "आवाज वेगळा येतोय. पहाऱ्यावर कोणी आहे असं वाटत नाही."

थंडी सुरू झाली होती. त्या दिवशी मी चारला घरी आले तर सई जिन्याच्या पायरीवर दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. काकांचं दार आतून बंद.

"आजोबांनी घेतलं नाही," ती म्हणाली. "ते म्हणाले, खोलीतली बाई उठलीय."

"कोण बाई?"

"मला काय माहीत? ते म्हणाले, ती बाहेर आलीय, तू आत येऊ नको."

त्या घरात बाई कधीच नव्हती. काकांचं लग्नच झालं नव्हतं. मी दार बडवलं. आतून आवाज आला, अगदी दाराला लागून, "पोरीला घेऊन जा. आणि उद्यापासून पाठवू नकोस."

"अहो काका, पण झालं काय?"

"जा म्हटलं ना!"

इतक्या दिवसांत ते माझ्यावर कधी ओरडले नव्हते. मला भीती वाटली, आणि भीती वाटली की मला राग येतो. साडेतीन तास पोर पायरीवर बसवली, असा कसा माणूस! घरात जाऊन मी दिवा लावायला वर बघितलं आणि हात तसाच राहिला. प्लायवरची फट बंद झाली होती. काकांनी खिडक्यांच्या सगळ्या फिल्मा काढून त्या फटीत एकाला एक लावून ठोकल्या होत्या. त्यांच्या उघड्या खिडक्यांतून कलतं ऊन आत आलं होतं आणि त्या फिल्मांतून आमच्या घरात पडलं होतं. आमच्या भिंतीवर, फ्रिजवर, सईच्या पलंगावर, सगळीकडे बरगड्याच बरगड्या.

पाच दिवस ते दार माझ्यासमोर उघडलं नाही. मी ताट बाहेर ठेवायचे आणि ते मी आत गेल्यावर घ्यायचे. पलीकडून खोकला यायचा. पहाटे वंदना यायची, ठोका नाही. सई प्लायला कान लावून बसायची. एकदा मला म्हणाली, "आजोबा त्या बाईशी बोलतात. ती काहीच बोलत नाही." मी तिला ओढून लांब केलं. हे म्हणाले, म्हातारा सरकलाय, घर बदलू. मलाही तेच पटत होतं.

सहाव्या दिवशी ताट तसंच पडून राहिलं. मग मात्र मी सईला वरच्या मजल्यावर ठेवलं आणि खांद्याने दार ढकललं. कडी जुनीच होती.

खोलीत ऊन भरलं होतं. इतका उजेड मी त्या घरात कधीच पाहिला नव्हता. फरशी कोरी, बरगड्या नाहीत. काका खिडकीत बसले होते आणि त्यांच्यासमोर लाल नाडीने बांधलेलं फिल्मांचं एक भेंडोळं उघडून पडलं होतं. सगळ्या एकाच छातीच्या. दर वर्षी थंडी पडली की त्यांनी स्वतःचा एक एक्स-रे काढला होता, नोकरीत असताना आणि नंतरही. प्रत्येकात उजवीकडे, हाडाच्या खाली, डाळीएवढा पांढरा ठिपका. सगळ्यांत वरची फिल्म नवी होती. तिच्यात ठिपक्याच्या कडा विरघळल्या होत्या आणि भोवती धुरकट पसरलं होतं.

"आलीस ना शेवटी," ते म्हणाले. "मग तिकडे लांब बस."

मी लांब बसले नाही. त्यांची अवस्था बघून समोरच बसले. त्यांना खोकला आला की ते तोंड खिडकीबाहेर फिरवायचे.

"कोण बाई, काका?" मी विचारलं.

"माझी आई," ते म्हणाले.

बदलापूरच्या पलीकडे नदीकाठी त्यांची वाडी होती. ते सात वर्षांचे असताना आईला टीबी झाला. तिला गोठ्यामागच्या झोपडीत वेगळं ठेवलं होतं, पोराला तिकडे जायची बंदी. दुपारी सगळे कामावर गेले की ते गुपचूप जाऊन तिच्या कुशीत निजायचे. "ती तोंड फिरवायची," ते म्हणाले. "खोकला आला की दर वेळी भिंतीकडे तोंड करायची. मला वाटायचं रुसलीय. मग मी तिची हनुवटी धरून तोंड माझ्याकडे वळवून घ्यायचो."

ती थंडीत गेली. लोकांनी तिची गोधडी, लुगडं, फणी, झोपडी, सगळं जाळलं. फोटो नव्हताच. पुढे छप्पन साली वडिलांचं बोट धरून त्यांनी दीक्षा घेतली. तिच्या नशिबी तो दिवसही नव्हता. तिचा चेहरा त्यांना आठवेनासा झाला. मग दवाखान्यात नोकरीला लागल्यावर शिकाऊ म्हणून त्यांची स्वतःचीच छाती मशीनला लावली, आणि डॉक्टरांनी ठिपक्यावर पेन्सिल ठेवून विचारलं, लहानपणी घरात कुणाला होता का रे?

"त्या दिवशी मला आई सापडली," काका म्हणाले. "तिच्या छातीतून निघून माझ्यात आलं, ते अजून जिवंत आहे. तिचं दुसरं काय आहे माझ्याकडे? म्हणून वंदना झाली की ठोकायचो. ऐकलंस का, एवढंच विचारायचं."

मला ती पुडी आठवली. मला सांगावंच लागलं. म्हणाले, "काका, ते आयुर्वेदिक नव्हतं. मी खोटं बोलले. काय होतं ते मला माहीत नाही."

"मला माहीत आहे. छोटी पांढरी गोळी, जिभेवर कडू. स्टिरॉइड. आतल्या मंडळींना झोपवते, म्हणून सांधे सुटतात. जन्म दवाखान्यात गेला माझा. चौथ्या दिवशी ओळखली."

"मग घेतलीत का?"

खाली नाल्याकडे कोणीतरी पत्रा आपटत होतं.

"आधी सईसाठी. ती हात वर करून म्हणायची, आजोबा, घ्या. आणि नंतर..." त्यांनी छातीवर हात ठेवला. "म्हटलं, पहारा झोपलाच आहे, तर तिला एकदा यायचं तर येऊ दे."

उन्हात बसून मला थंडी वाजली. आणि मग असा संताप आला! "आणि माझी पोर? ती रोज तुमच्या कडेवर होती!"

"तो विचार आला, त्या दिवशी दार लावलं."

"आधी यायला पाहिजे होता."

"हो," ते म्हणाले. "आधी यायला पाहिजे होता."

त्यांना शिव्या द्यायचं तोंड मला नव्हतं. ते दार आम्ही दोघांनी मिळून उघडलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना आणि सईला सरकारी दवाखान्यात नेलं, वेगवेगळ्या रिक्षांनी. काकांच्या थुंकीत जंतू निघाले. सईच्या हाताला सुई टोचून डॉक्टर म्हणाले, तीन दिवसांनी आणा, इथे गाठ आली तर आत शिरलाय असं धरायचं. ते तीन दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. निजलेल्या पोरीचा हात बॅटरीच्या उजेडात बघायचे. आतली मंडळी, मी मनात म्हणायचे, मी तुम्हाला कधी हात जोडले नाहीत, आता जोडते. गाठ आली नाही. डॉक्टरांनी खबरदारी म्हणून तिला सहा महिने गोळी दिली. माझ्या छातीचाही फोटो काढला, तो स्वच्छ होता.

काकांच्या गोळ्या फुकट होत्या, पण त्या काळी अशी पद्धत होती की पेशंटला समोर बसवून गिळायला लावणारा एक माणूस नेमायचा. तो माणूस मी झाले, आमचे हे कितीही नको म्हणाले तरी. एकाआड एक दिवस, सात गोळ्या. पहिल्या दिवशी त्या तळहातावर घेऊन ते पंधरा मिनिटं बसून राहिले. मी पाण्याचा तांब्या धरून उभी. मला कामाला उशीर होत होता, तरी घाई केली नाही. त्यांना माहीत होतं, या गोळ्या निवडून मारत नाहीत. बाहेर पडलेले मरणार आणि खोलीत निजलेलेही मरणार.

"आत होती तोवर माझी आई," ते शेवटी म्हणाले. "बाहेर पडली की सईच्या छातीत शिरणारा रोग. त्याला आई म्हणता येत नाही." मग त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं, काहीतरी पुटपुटले आणि सातही गोळ्या गिळल्या. दुसऱ्या सकाळी प्लायपलीकडून आवाज आला, "लाल होतेय गं लघवी." औषधाने सगळ्यांचीच होते, हे त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. पण घरातून कोणीतरी निघाल्याचं सांगावं तशा आवाजात ते बोलले, आणि मी पलंगावर बसून रडले.

सहा महिन्यांनी ते बरे झाले. चेहरा पुन्हा हडकुळा झाला, फिल्मा फटीतून निघून खिडकीला परत लागल्या, सई पुन्हा बरगड्यांवर लंगडी घालू लागली. पण पहाटेचा ठोका परत आला नाही. मला त्याची इतकी सवय झाली होती की तो नसल्यामुळे जाग यायची. एकदा म्हटलं, काका, ठोकत का नाही? म्हणाले, "रिकाम्या खोलीचं दार कशाला वाजवायचं?" त्यानंतर त्यांनी सिलिंडरही ठोकला नाही. पुढच्या थंडीत एका दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. डॉक्टरांना काही सापडलं नाही. छाती, ते म्हणाले, एकदम साफ होती.

बदलापूरहून पुतण्या आला. त्याने प्लाय तसाच ठेवून दोन्ही बाजू आम्हालाच राहायला दिल्या. भंगारवाला आला आणि गोणी भरून फिल्मा घेऊन गेला. जाताना थबकून म्हणाला, "अच्छे आदमी थे, साईं." लाल नाडीचं भेंडोळं मात्र मी आधीच काढून ठेवलं होतं.

त्यानंतर दोन वर्षांनी कंपनीत सगळ्यांची तपासणी झाली. डॉक्टर माझी फिल्म उजेडाला धरून म्हणाले, "जुना डाग आहे. चुना धरलाय. घाबरायचं काही नाही, आपल्याकडे कितीतरी लोकांना असतो."

"कधी आला असेल?" मी विचारलं. "कुणाकडून?"

"ते कसं सांगणार, मॅडम? ट्रेनमध्ये, बाजारात, कुठेही. फक्त स्टिरॉइड-बिरॉइड विचारल्याशिवाय घेऊ नका."

दुपारी घरी येऊन मी काकांची एक फिल्म आणि माझी फिल्म खिडकीत शेजारी शेजारी धरल्या. माझा ठिपका लहान होता. जागा तीच. डॉक्टर म्हणतात ते खरं असेल, कुठूनही आला असेल. पण मला ठाऊक आहे मी कोणासमोर बसले होते. नदीकाठच्या झोपडीत सगळ्यांकडून तोंड फिरवून घेणारी ती बाई, जिचं नाव मला माहीत नाही, जिला तिच्या मुलाने माझ्या पोरीसाठी मारलं, ती मेली नव्हती. तिने फक्त घर बदललं होतं. मला भीती वाटायला हवी होती आणि ती वाटलीही. पण त्याहून जास्त वाटलं ते हे की काकांना हे सांगायचं राहिलं.

हे अजून कोणाला बोलले नाही. पहाटे सगळे निजलेले असताना मी पलीकडच्या खोलीत जाते, प्लायला पाठ टेकून बसते आणि उजवीकडे, हाडाच्या खाली, बोट ठेवते. टक टक. थांबते. माझी मंडळी जागी आहेत असं मला वाटतं.

काल प्लायपलीकडून सईचा झोपाळू आवाज आला, "आई, दार कोण वाजवतंय?"

"कोणी नाही गं," मी म्हटलं. "घरातलंच आहे."